पुतळ्यांसाठी आणलेलं यंत्र

तमाम ग्रामस्थ, सोयरे, पाहुणे आणि पारावर रिकामे बसणारे, सर्वांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जमिनीवर आणि उथळ पाण्यात धातू शोधणारं यंत्र जाफराबादच्या पंचक्रोशीत आणणारा पहिला गृहस्थ मीच. या कामगिरीबद्दल माझा अजून सत्कार झालेला नाही. कुणी नारळसुद्धा दिला नाही.

यंत्र हवं होतं ते वहिनीसाठी.

आमच्या आईचा पेटीवर, कुलपावर, बँकेवर आणि आम्हा दोघा भावांवर सारखाच अविश्वास. म्हणून तिनं आपली पुतळ्यांची माळ, म्हणजे सोन्याच्या नाण्यांसारख्या बारीक चकत्या ओवलेली माळ, स्वतःच्या गोधडीच्या कोपऱ्यात ठिगळाखाली शिवून टाकली होती. सांगितलं कुणालाच नाही. घट बसायच्या आधी घरातलं सगळं पांघरूण नदीवर धुवायचा आमच्याकडे रिवाज, आणि ते काम थोरल्या सुनेचं. वहिनीनं गोधड्यांचा ढीग पूर्णेवर नेला, नेहमीच्या खडकावर आपटून धुतला, वाळवून संध्याकाळी घरी आणला. आईनं कोपरा चाचपला. ठिगळ उसवलेलं, माळ गायब.

"मला काय म्हाईत गोधडीत सोनं हाये ते?" वहिनी म्हणाली.

"म्हाईत न्हवतं, मंग तोच कोपरा कसा उसवला?"

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ कंबरेएवढ्या गढूळ पाण्यात उतरला, डुबक्या मारून रिकाम्या हातानं वर आला, आणि पुढं या विषयावर कधी बोलला नाही. नवरा म्हणून त्यानं केलेला हा एकमेव पराक्रम.

आईनं ना पोलिसात तक्रार दिली, ना वहिनीला माहेरी धाडलं. दोन्हींत काहीतरी शेवट असतो. आईला शेवट नको होता. वहिनी धान्याच्या कोठीकडं गेली की आई मागं जाऊन उभी. लग्नाघरी वहिनी नवरीच्या खोलीत शिरली की आई हसत हसत जाहीर करायची, "दागिने सांभाळा गं बायांनो, आमची सून आली!" बाया हसायच्या. वहिनीही हसायची, आणि दाराजवळच बसायची.

माझे केस पांढरे होऊ लागले तरी हे चालूच. एव्हाना मी अंबडला मास्तर होतो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो, तर वहिनी ताटात भाकरी टाकताना हळूच म्हणाली, "भाऊजी, टीव्हीत पोलिस ती काठी फिरवतेत, आन् लोखंड आलं की वाजती. तसलं पाण्यात चालंल का हो?"

"कशाला?"

"आसंच."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मी जुन्या जालन्यात गेलो. मोटारी आणि पंपांच्या एका दुकानात भंगारवाल्यांसाठी अशी यंत्रं येतात असं ऐकलं होतं. दुकानदार बोलण्यात नबाब.

"मास्टर, पह्यले सांगा, जमिनीवर चालवायचं का पानीमदी?"

"दोन्हीकडं."

"गुप्तधन?"

"नाही हो."

"सगळे न्हाईच म्हणतेत," तो खूश होऊन म्हणाला आणि त्यानं तीन यंत्रं मांडली. पहिलं हलकं, देखणं, पण त्याच्या खालच्या थाळीला ओल लागलेली चालत नव्हती. दुसरं आख्खं पाण्यात बुडवता येणारं, समुद्रासाठीचं, आणि वजनाला पहार. तिसऱ्याची थाळी आणि दांडा पाण्यात चालत होता, वरची पेटी मात्र कोरडी ठेवायची. ती काढून कंबरेला बांधता यायची. वैशाखात पूर्णेला गुडघाभर पाणी. मी तिसरं धरलं.

"आन् हे बटन पूरा घुमवा, लोहा एकदम बंद!"

मी बटण पूर्ण फिरवलं आणि माझी अंगठी थाळीपुढं धरली. यंत्र गप्प. लोखंडाबरोबर बारीक सोन्यालाही ते कचऱ्यात काढत होतं. बटण परत फिरवल्यावर अंगठी वाजली. म्हणजे लोखंडाचा त्रास सोसला तरच पुतळी ऐकू येणार. आणखी एक बटण होतं, आपल्या काळ्या मातीलाच धातू समजून यंत्र उगाच ओरडू लागलं तर त्याला शांत करायचं. तसलं बटण माणसांनाही का देत नाहीत, असं मनात आलं. किंमत विचारू नका, बायकोला मी अजून खरी सांगितलेली नाही.

दुसऱ्या सकाळी मी धोतर खोचून, कंबरेला पेटी आणि कानाला हेडफोन लावून पूर्णेत उभा राहिलो, तेव्हा काठावर निम्मं गाव हजर.

"मास्तर, पायाळू माणूस न्हाई आणला का? त्याच्याबिगर धन दिसत नसतं!"

"रेडिओ लागला का? बाजारभाव काय म्हणतेत?"

मी वाकून सलाम केला. टाळ्या पडल्या. मग यंत्र वाजलं, मी गाळात हात घातला, आणि निघाली बैलाच्या खुराची पत्री. पुन्हा वाजलं, पुन्हा पत्री. पिढ्यानपिढ्या बैल याच घाटावर धुतलेले. प्रत्येक पत्री मी राजमुकुटासारखी उंच धरून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. वहिनी खडकाशेजारी उभी होती. ती हसत नव्हती.

ऊन चढलं, गर्दी पांगली. खडकाच्या बुडाशी, जिथं दगड पाण्याखाली चिरलाय, तिथं एक आवाज आला, पत्रीहून बारीक आणि गोड. मी सरकलो. वहिनीनं स्वतः हात घातला. चिरेतला गाळ बोटांनी उकरला आणि मूठ बाहेर काढून उघडली. एक पुतळी. एकच. बाकीच्या कुठल्या पुरानं कुठं नेल्या, देव जाणे. आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं, पण दुसरी लागली नाही.

एकीनंही भागत होतं. नदीतून निघाली म्हणजे धुताना पडली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वहिनीनं ती पाण्यात धुतली, पदरानं पुसली, आणि घाटावरून घरापर्यंत रस्त्याच्या मधोमध चालत गेली. एरवी ती कडेनं चालायची. मी यंत्र खांद्यावर टाकून वाजंत्र्यासारखा मागं.

आई ओसरीवर वाती वळत बसली होती. वहिनीनं पुतळी तिच्या तळहातावर ठेवली. आईनं ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, अंगठ्यानं चोळली. तिचीच होती, तिनं ओळखली. भाऊ दारात येऊन उभा राहिला. वहिनी वाट बघत होती.

आईनं पुतळी कनवटीला खोचली आणि वर बघून म्हणाली, "एक नदीत टाकलीस, आन् बाकीच्या कुठं ठिवल्या?"