चालीत न बसलेलं कडवं

माधवराव सरांशी माझी ओळख मी नोकरीसाठी नाशिकहून म्हैसूरला आले त्या वर्षीची. इथल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीतून सुटल्यावर सरस्वतीपुरममधल्या त्यांच्या घरी मी समूहगायनाला जाऊ लागले. मला ताप आला, तेव्हा सर स्वतः स्कूटरवरून सार-भात घेऊन आले होते. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं. बोलण्यात निम्मं कन्नड. चाली मात्र अशा सुचत, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरी. “गाणं चालीनं जगतं, शब्द मागनं येतात,” असं ते म्हणत. आम्हालाही ते पटलेलं होतं.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव-अंकात त्यांच्या चालींविषयी इतर लिहितीलच. आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या, त्या संध्याकाळविषयी मी लिहिते.

जवळच्या हुणसूर गावी राहून कविता लिहिणाऱ्या गोदाक्कांनी आमच्या उत्सवासाठी एक पाळणा लिहून दिला होता. सरांनी त्याला उडती चाल लावली. तिसरं कडवं चालीत बसेना, म्हणून ते गाळलं. सभागृहानं टाळ्यांचा ठेका धरला. आम्ही फुशारून गेलो. गोदाक्का पहिल्या रांगेत नुसत्या बसून होत्या.

कार्यक्रम संपल्यावर सर त्यांच्याजवळ गेले. “आक्का, आवडलं नाही?”

“आवडलं की. शेवटचं कडवं?”

“चालीत बसत नव्हतं.”

“सरी, सरी,” म्हणजे ठीक, ठीक, असं म्हणून त्या उठल्या. बस गाठायची होती. सरांनीच आग्रह केला, तेव्हा उभ्याउभ्या म्हणाल्या,

“हलविते दोरी, हात थांबेना गं,
पाळण्यात माझी तान्ही नाही.”

गोदाक्कांची पोर दोन महिन्यांची असतानाच वारली होती. आम्ही तिच्यावर टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना.

सर तडक ध्वनिक्षेपकाकडे गेले. निघालेल्या लोकांना थांबवून म्हणाले, “मी मात्रा मोजल्या, गाणं वाचलंच नाही. आक्का, माझं चुकलं.” मग ते कडवं त्यांनी चालीशिवाय म्हणून दाखवलं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर चाल बदलायची म्हणून हुणसूरला गेले. सोबत मी होते. गोदाक्कांनी मान हलवली. “अय्यो, टाकू नका मास्तर. दोन महिने ती हसतच होती. त्याला हीच चाल लागते. फक्त शेवटी गप्प व्हा.”

तेव्हापासून आम्ही पहिली दोन कडवी त्याच चालीत गातो. तिसऱ्याला तबला थांबतो आणि शब्द नुसते म्हणतो.

या अंकासाठी परवानगी मागायला गेले, तेव्हा सर म्हणाले, “ती संध्याकाळ छापणार असलात तरच माझ्यावर लिहा.” इतक्या मानाच्या जागी बसूनही स्वतःची चूक पुढे ठेवणाऱ्या या माणसाला उदंड, निरामय आयुष्य लाभो. आणि त्यांच्या शेजारी उभं राहून गाताना खाली गेलेली आमची नजर कधीतरी वर उचलता येवो.