व्याह्यांच्या मागची फियाट

संताजीरावांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी माघार घेतली नाही, असं संताजीराव स्वतःच सांगतात. त्यांचे कोणी पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. त्या पूर्वजांची तलवार म्हैसुरात मंडी मोहल्ल्यातल्या घरात भिंतीवर टांगलेली आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू मिळतं आणि उरलेलं वर्षभर संताजीरावांच्या पत्नी गिरिजाबाई तिच्यावर भाजीच्या पिशव्या अडकवतात. खुद्द संताजीराव विजेच्या खात्यात मीटर तपासायला होते. लोकांच्या दारात उभं राहून बोलणी खाण्यात उभी हयात गेली. त्यामुळे माणूस शूर झाला नाही, पण सोशिक मात्र पहिल्या नंबरचा झाला.

या माणसाला नाद एकच, आणि तो म्हणजे आकाशी रंगाची जुनी फियाट. बायको आजारी पडली तर तिला गोळी मिळे, गाडी शिंकली तर तिच्यासाठी मेकॅनिक घरी येई. वर्षातून एकदा जुन्या गाड्यांचा क्लब शनिवार-रविवार शर्यत भरवतो. जागा असते वरुणा गावाकडचं एक ले-आउट. रस्ते झाले, दिव्याचे खांब झाले, बागेची पाटीसुद्धा लागली, फक्त घर बांधायला कुणी आलं नाही. भोवताली ऊस, मध्ये गुळगुळीत डांबर. शनिवारी एकेकट्यानं घड्याळ लावून पळायचं, त्यावरून रविवारचा क्रम ठरतो, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून पाच फेऱ्या मारायच्या. भाग घेणारे बहुतेक पेन्शनर, त्यामुळे शर्यतीपेक्षा गुडघ्यांवर चर्चा जास्त.

शनिवारी एकटी पळताना फियाट दरवर्षी चौथी-पाचवी यायची. रविवारी मात्र तिला हमखास दमा लागायचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ती खोकायची, काळा धूर सोडायची, आणि एक पांढरी अँबॅसडर हॉर्न वाजवत तिच्या पुढं निघून जायची. ती अँबॅसडर मालोजीरावांची, आणि मालोजीराव म्हणजे संताजीरावांचे व्याही.

फियाटला दमा वगैरे काही नव्हता. डॅशबोर्डवरचा चोक संताजीराव स्वतःच्या हातानं ओढत. गरम इंजिनाला नको तेवढं पेट्रोल पाजलं की ते बिचारं ठसकणारच. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाच्या पुढं जायचं नसतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. दारातून आधी व्याही, फोटोत मधोमध व्याही, पंगतीत पहिला लाडू व्याह्यांना. मग डांबरावरच नियम कसा बदलणार? आपण जरा मागं राहिलं तर लेकीचे सासरी चार दिवस बरे जातील, असा त्यांचा साधा हिशेब होता. सुष्माच्या लग्नापासून, म्हणजे आठ वर्षं, हा चोक चालू होता.

मालोजीराव रस्त्यांची कंत्राटं घेऊन निवृत्त झालेले. मिशी भरघोस, आवाज त्याहून भरघोस. त्यांना वाटे, आपण खरंच जिंकतो. आठ वर्षं लागोपाठ एकाच माणसाला हरवूनही ज्याला शंका येत नाही, त्या माणसाचं मन किती निर्मळ म्हणायचं!

या वर्षी शनिवारी फियाट चौथी आली आणि अँबॅसडर सातवी. संताजीराव मांडवात ताक पीत बसले होते, तेवढ्यात सुष्मा आली. ती केमिस्ट्री शिकलेली, घरात बसून कुकरच्या शिट्ट्या मोजणारी.

"अप्पा, आर्डर आलं. हुणसूरच्या कालेजात. मंडे जॉइन व्हायचं."

"अय्यो, चांगलं झालं की गं!"

"चांगलं कुठलं? मावा बेड म्हणतात. आमच्या घरची सून बसला लोंबकळत जाणार नाही म्हणे." मावा म्हणजे तिचे सासरे, बेड म्हणजे नको. "तुम्ही एक मात बोला त्यांच्याशी. एकच शब्द. मी कधी काही मागिटलं नाही तुम्हाला."

"मंजुनाथ काय म्हणतो?" संताजीरावांनी जावयाचं विचारलं.

"तो काय म्हणणार? लॅपटॉपसमोर वाघ. त्याच्या अप्पासमोर मांजर."

हे शेवटचं वाक्य आपल्यालाही लागू आहे, हे संताजीरावांना कळलं. ते उठले, धोतर नसतानाही सवयीनं कमरेपाशी झटकलं, आणि मालोजीरावांकडे गेले. मालोजीराव अँबॅसडरचं बॉनेट उघडून चार जणांना इंजिन दाखवत होते, देवळातला गाभारा दाखवावा तसे.

"व्याही, जरा बोलायचं होतं."

"बोला की!"

संताजीरावांनी तोंड उघडलं. त्यातून बाहेर पडलं ते असं: "तुमचा कार्ब्युरेटर काय स्वच्छ आहे हो!"

मालोजीराव प्रसन्न झाले. त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे व्याही म्हणजे देवमाणूस. आणि सुष्माही अगदी बापावर गेलीय. मागं कसं राहायचं, ते बरोबर समजतं तिला."

चौघं हसले. संताजीरावही हसले. हसता हसता त्यांना आतून असं काही झोंबलं, की परत येताना ते भलत्याच्याच खुर्चीत जाऊन बसले. इतकी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली होती, पण ती त्यांना स्वतःला उद्देशून असत. लेकीला कुणी असं बोललं नव्हतं. की बोललं होतं आणि आपणच हसत होतो?

रविवारी चाकांखाली लिंबं ठेवली गेली, कोहळे फुटले, कापूर पेटला. शेजारच्या सीटवर एक माणूस बसवायची मुभा असते, तिथं गिरिजाबाई बसल्या. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या खालून मल्लिगेचा गजरा लोंबतोय, मांडीवर पर्स. नवऱ्याचं दरवर्षीचं नाटक त्या इतक्या जवळून बघत होत्या आणि दरवर्षी खिडकीबाहेर पाहत होत्या.

निशाण पडलं. फियाट सुटली ती झकास सुटली. पहिली फेरी चौथ्या नंबरावर. दुसऱ्या फेरीत आरशात पांढरं काहीतरी मोठं होत आलं, आणि संताजीरावांचा हात आपोआप चोकवर गेला. मनानं काही ठरवलंच नव्हतं, हातानं ठरवलं. फियाट खोकली. अँबॅसडर लग्नाच्या वरातीसारखा हॉर्न वाजवत पुढं गेली.

उसाच्या कडेला, वळणावर, सुष्मा छत्री घेऊन उभी होती. फियाट धूर सोडत तिच्यासमोरून गेली. तिनं काही हात हलवला नाही. फक्त छत्री मिटली आणि मांडवाकडे चालू लागली.

"ती निघाली री," गिरिजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"कुठं?"

"कुठं जाणार? पुन्हा घरी. कुकरकडं." गिरिजाबाई नवऱ्याकडे वळल्या. "बीगर म्हणजे काय देव आहेत? होगली म्हणत म्हणत तुम्ही सगळं जाऊ दिलं. आता पोरगीपण जाऊ दे म्हणा!"

म्हैसुरात व्याह्याला बीगर म्हणतात, आणि होगली म्हणजे जाऊ दे. हे दोन शब्द मिळून संताजीरावांचं चरित्र पूर्ण होत होतं. गिरिजाबाईंनी चोक खाडकन आत ढकलला आणि त्याच्यावर पर्स दाबून धरली.

पुढच्या दोन फेऱ्या फियाट अशी पळाली, की क्लबचे सेक्रेटरी चहा विसरले. संताजीराव अँबॅसडरच्या शेपटीला जाऊन चिकटले. पण व्याह्यांनी रस्ता अडवला होता. आयुष्यभर रस्ते केलेला माणूस, रस्ता आपलाच समजायचा. डावीकडून जावं तर ते डावीकडे, उजवीकडून जावं तर उजवीकडे. संताजीरावांनी हॉर्न वाजवला, तोही अगदी अदबीनं, दारावर टिचकी मारावी तसा.

"अहो, विचारताय काय! जा!" गिरिजाबाई ओरडल्या.

शेवटच्या फेरीत, बागेच्या पाटीपाशी, अँबॅसडर आपल्या वजनानं वळणाबाहेर ओढली गेली. आतल्या बाजूला फियाटपुरती वाट झाली. संताजीरावांनी गाडी त्या फटीत घातली. दोन्ही गाड्या क्षणभर शेजारी आल्या, खिडक्या उघड्या होत्या, आणि घोडदळातल्या वीराचा हा वंशज शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवून ओरडला, "क्षमा असावी, व्याही!"

आणि पुढं गेला.

फियाट चौथी आली, अँबॅसडर पाचवी. चौथ्याला बक्षीस वगैरे काही नसतं. तरी गिरिजाबाईंनी गजऱ्यातला अर्धा तोडून स्टिअरिंगला बांधला. संताजीराव गाडीतून उतरले ते लेकीला शोधतच. एकीकडे जिंकल्याचा आनंद, दुसरीकडे आता लेकीचं काय होणार याची भीती. आनंदापेक्षा भीतीच जास्त होती.

जेवायला मांडवात केळीची पानं मांडली. मालोजीराव पहिल्या पानावर बसले खरे, पण मिशी उतरलेली. टायरमध्ये हवा कमी होती, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मंजुनाथ त्यांच्या शेजारी मान खाली घालून भातात खड्डा करत होता. सुष्मा, घरच्या शिरस्त्याप्रमाणे, बायकांबरोबर वाढायला उभी होती. हातात साराचं भांडं होतं. सासऱ्यांच्या पानापाशी येऊन ती थांबली.

"मावा, उद्या मी हुणसूरला जॉइन होते."

मालोजीरावांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी समोरच्या ओळीत बसलेल्या संताजीरावांकडे पाहिलं. "व्याही, तुम्हीच समजवा हो तिला."

इथं काय बोलायचं ते संताजीरावांना तोंडपाठ होतं: व्याही म्हणतात तसं कर, बाळ. शब्द जिभेवर आलेसुद्धा. त्यांनी ते भाताबरोबर गिळले. हात पानावरच टेकवून ते म्हणाले, "व्याही, ती विचारत नाहीये. सांगतेय."

मालोजीरावांनी मदतीसाठी मुलाकडे पाहिलं. मंजुनाथनं खड्ड्यातून मान वर केली, एकदा बायकोकडे, एकदा सासऱ्यांकडे बघितलं, आणि पुटपुटला, "अप्पा, बसस्टँडपर्यंत मी सोडतो तिला." मालोजीरावांनी ताकाचा पेला उचलला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

सुष्मा वडिलांच्या पानापाशी आली. सार वाढायला वाकली आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मागं राहिलात ना अप्पा, दर वेळी त्यानंतर मावा घरी वर्षभर मला तेच ऐकवायचे. बापाकडून शीक म्हणायचे."

संताजीरावांचा घास हातातच राहिला. "मला वाटलं, तुला सोपं जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली. साराचं भांडं तिनं शेजारच्या बाईच्या हातात दिलं, वडिलांच्या बाजूला एक पान ओढून घेतलं, आणि पुरुषांच्या पंगतीत जेवायला बसली.