होडी उचलत का नव्हती

वसंतअण्णा गेल्याचं मला बेलूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर कळलं. आम्ही घोषणा देत होतो. रायापूरचा ओळखीचा फिटर सायकलवरून उतरून म्हणाला, "तुझे अण्णा पहाटे गेले रे." घोषणा अर्ध्यावर राहिली... त्याला पाच आठवडे झाले.

अण्णा माझ्या नात्याचे नव्हते. रायापूरला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. पंप, मोटारी दुरुस्त करायचे. समुद्राशी त्यांची गाठ पडली ती माझ्यामुळे, दोन वर्षांपूर्वी. कारवारकडच्या कोळ्यांना सरकारी योजनेतून मागे मशीन टांगलेल्या छोट्या होड्या मिळाल्या होत्या. माणसं, बर्फ, जाळं भरलं की होडीचं बूड पाण्यात, तोंड आभाळाकडे. पाण्यावर उचलून सुसाट जायला हवी, ती चिखलातल्या म्हशीसारखी चालायची आणि बाजार उठल्यावर किनाऱ्याला लागायची. योजनेची कचेरी म्हणे, यांना चालवता येत नाही! आमच्या संघटनेतर्फे मी पत्रक छापलं: मोठं मशीन द्या, नाहीतर होड्या परत घ्या. पुरसो नावाचा कोळी माझ्या भरवशावर सोमवारी होडी परत करणार होता. मग पुन्हा दुसऱ्याच्या नावेवर मजुरी.

अण्णांनी पत्रक वाचलं. "मोठं मशीन म्हणजे जड मशीन. मागं आणखी बुडेल की. तू बसला होतास का होडीत?"

"नाही."

"मग कचेरीत आणि तुझ्यात फरक काय रे?"

रविवारी बसनं गेलो. अण्णांना पोहता येत नव्हतं. दोन्ही काठ घट्ट धरून ते तासभर होडीत बसले. वाळूला लागू नये म्हणून कोळ्यांनी मशीन बाहेरच्या बाजूला तिरकं ठेवलं होतं. अण्णांनी तो कल धरणारी खीळ काढून एक भोक पुढे घातली, पंखा होडीकडे सरकला. फरक पडला, पण पुरेसा नाही. सगळं वजन मागेच. पुढचं टोक, ज्याला कोळी नाळ म्हणतात, रिकामं. तिथे नुसती फुलं.

"देवीची जागा," पुरसो म्हणाला. "पाय लावत नाही आम्ही."

मी तोंड उघडलं. अंधश्रद्धेवर माझं भाषण तयारच असतं. अण्णांनी हातानंच मला गप्प केलं आणि पुरसोला विचारलं, "जाळं ठेवलं तर चालंल तिला?"

पुरसोनं फुलं एका बाजूला सारली. "जाळं तिचंच की."

जाळं पुढे गेलं. पुरसोनं मशीनचा वेग वाढवला, तोंड खाली आलं आणि होडी उचलली... "हळू रे बाबा!" अण्णा ओरडले. किनाऱ्यावर एवढं हसू पिकलं!

सोमवारी पुरसो कचेरीत गेला नाही. पण माझं ऐकून तिघांनी आधीच होड्या परत केल्या होत्या.

त्या तीन होड्या दोन वर्षं वाळूत पडून होत्या. आता कचेरी त्या नव्या लोकांना वाटणार आहे. कशी चालवायची याची सूचना एक नाही! परवा वर्कशॉपमध्ये गेलो. अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, कानडीत म्हणाल्या, "बा, कूत्को. ये, बस. त्यांच्या स्टुलावरच बस." तिथे बसून नवं पत्रक लिहिलं. निषेध नाही, मागणी नाही.

खीळ एक भोक पुढे घाला. जाळं नाळेवर ठेवा. पाय लावू नका.