दिवस जाण्याआधीची गोष्ट

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगाला चिकटून घरी येतात. दोन हजारनंतरची चार-पाच वर्षं मी सौदीत, जुबैलला नर्स होते. आमच्या इजिप्शियन डॉक्टर हुदा प्रत्येक आईला आधी एकच विचारायच्या: दिवस जाण्याआधी तब्येत कशी होती? मराठी बायकांपुरती दुभाषी मी.

*

तिथल्या एका प्लांटमधल्या इंजिनिअरच्या बायकोला सातव्या महिन्यातच बाळ झालं. जिने चढत होती म्हणून झालं, असं नवरा सारखं म्हणायचा. डॉक्टरांनी तिची जुनी फाइल मागवली. लग्नाआधीपासूनच बीपी वाढलेलं, गोळ्याही चालू होत्या. सासरी कळू नये म्हणून माहेरच्यांनी त्या बंद केल्या.

नवऱ्याने फाइल दोनदा वाचली. मग जिन्याचं नाव काढलं नाही. बाळ वाचलं.

*

श्रीवर्धनची शमीम. तिचंही बाळ सातव्यातच आलेलं. आपल्याला कधी काही झालंच नाही म्हणाली. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढली, तर आतून पांढरीफटक. बोलता बोलता ती कुर्त्याच्या खिशातून काहीतरी तोंडात टाकत होती. कच्चे तांदूळ! वयात आल्यापासून खात होती. अंगात रक्त नसलं की असलं खावंसं वाटतं, बाळंही दिवस भरायच्या आधी होतात, हे मी तिला समजावलं.

तिचे हात थांबले. "माझी आई पण खायची," ती म्हणाली. "मी पण सातव्यातलीच."

तिचं बाळ अकरा दिवस होतं.

*

अनघाला तर दिवसही गेले नव्हते. डायबिटीस जुना, म्हणून मूल होऊ द्यावं का, हे विचारायला आली होती. भर दुपार. डॉक्टरांच्या खोलीतून काचेपलीकडे वॉर्ड दिसायचा. बोलता बोलता ती थांबली.

"त्या कोपऱ्यातल्या बाळाला कुणी घेत का नाही? केव्हाचं रडतंय."

कोपऱ्यातली काचेची पेटी रिकामी होती. सकाळीच मी ती पुसून बंद केली होती. तसं सांगितलं, तर ती पांढरी पडली. डॉक्टरांनी ती काय म्हणाली ते मला विचारून घेतलं, आणि चिठ्ठी लिहिली: आधी साखर ताब्यात, मग बाळ.

दीड वर्ष तिने सगळं काटेकोर पाळलं. मग दिवस गेले, पूर्ण भरले, चांगली तीन किलोची मुलगी झाली. खणखणीत रडली. मी तिला अनघाच्या छातीवर ठेवलं.

अनघाने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मान वळवून वॉर्डाच्या दिशेने कान दिला.

"ही वेगळी," ती हळूच म्हणाली. "ते अजून तिकडेच रडतंय."