आरशातली चांदणी आणि भडगावचे पाहुणे

माझ्या टेबलापुढे पाच माणसं बसली होती आणि ‘मुलगी वेडी नाही’ असं मी लिहून द्यावं, अशी पाचही जणांची इच्छा होती. सहावी ती मुलगी. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

“दोनच ओळी लिहा,” भडगावचे नाना, मुलीचे होणारे सासरे, म्हणाले. “खाली कॉलेजचा शिक्का मारा. आम्ही मोकळे, तुम्ही मोकळ्या.”

“पण मुलगी वेडी आहे असं म्हटलं कोणी?”

“कोणीच नाही. म्हणून तर लिहून द्यायला काय हरकत आहे?”

मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं मी, पण या प्रश्नाचा पेपर आम्हाला नव्हता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात मी लेक्चरर होते. विभाग नवा आणि विभागात मी एकटी. जळगावला माझे वडील अभिमानाने ‘मुलगी प्रोफेसर आहे’ असं सांगत, पण विषय कोणता असं कोणी विचारलं की पावसापाण्याचं बोलायला लागत. प्राचार्यांनी मला जिमखान्यामागची खोली दिली आणि पेंटरकडून पाटी रंगवून घेतली : ‘मानसशास्त्र विभाग. मानसिक चाचणी व मार्गदर्शन.’

पाटी लागली आणि माझे हाल सुरू झाले. एक गृहस्थ आले, त्यांची म्हैस हरवली होती. ती कोणत्या दिशेला गेली ते त्यांना हवं होतं. एका सासूबाईंनी सुनेचा तळहात माझ्यापुढे धरला. बाकीचे लोक खोलीसमोरून जाताना उगाच पावलं उचलून चालत.

समजावून सांगून माझा घसा बसायचा. मानसशास्त्र म्हणजे एकच दुकान नव्हे. मनाच्या आजाराची तपासणी करतात त्यांना क्लिनिकल म्हणतात. ते दवाखान्यात असतात आणि त्याचं शिक्षण वेगळं. शाळा-कॉलेजातल्या मुलांना कोणता विषय झेपेल, कोणतं काम मानवेल हे चाचण्या घेऊन सांगतात ते मार्गदर्शनाचं काम, म्हणजे माझं. कारखान्यात कोणत्या कामावर कोणता माणूस घ्यावा हे बघतात ते औद्योगिक. लहान मुलांचं बघणारे वेगळे. आणि या सगळ्यांच्या मुळाशी प्रायोगिक. माणूस कसा बघतो, कसा शिकतो, किती चुकतो हे त्यात साधनं मांडून मोजतात. एवढं सगळं ऐकून घेऊन माणसं मान हलवायची आणि विचारायची, “मग झटके येणाऱ्याला कधी आणू?”

नीट ऐकून घेतलं ते फक्त इंदूने. ती फर्स्ट इयरला होती. सोनगीरची, तांबटाची मुलगी. कॉलेजसाठी देवपुरात मावशीकडे राहायची. तिचा साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांचं भडगावला भांड्यांचं दुकान होतं. लग्न उन्हाळ्यात, आणि लग्नानंतर बी.ए. पूर्ण करू द्यायचं असं बोलणं झालेलं. एक दिवस ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “मॅडम, तुमचा विषय घेतला तर पुढे काय काय करता येतं?”

इतका सरळ प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. मी हरखूनच गेले. सगळ्या शाखा सांगितल्या, आणि नुकतंच पुण्याहून आलेलं आरशाचं साधनही काढलं. हे साधन असं : फळीवर कागद लावायचा. कागदावर चांदणी छापलेली असते, दुहेरी रेघेची. मध्ये आडपडदा, त्यामुळे स्वतःचा हात दिसत नाही. समोर आरसा असतो, त्यात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण आरशात सगळं उलटं दिसतं. हात पुढे न्यायला जावं तर तो मागे येतो. पेन्सिल कोपऱ्यात अडकते, थरथरते, भलतीकडेच जाते. इंदूचंही तसंच झालं. तिला हसू आवरेना. मी समोर स्टॉपवॉच घेऊन बसले होते. तीन-चार वेळा केल्यावर मात्र तिचा हात सरळ चालायला लागला.

नेमकं त्याच दिवशी नवऱ्या मुलाचे मामा होस्टेलच्या स्वयंपाकघराला पातेली पोचवायला आले होते. जाताना त्यांनी पाटी वाचली आणि ते खिडकीतून आत डोकावले. आपल्या भाच्याची होणारी बायको आरशात बघत वेडावाकडा हात करतेय, एकटीच हसतेय, आणि समोर एक बाई घड्याळ धरून गप्प बसलीय, एवढं त्यांनी पाहिलं. तिथून त्यांनी भडगावची एस.टी. धरली.

आता तेच मामा माझ्यासमोर बसून साक्ष देत होते. “मी मन्हा डोयानी देखं. पोर आरसामा देखे न हात वाकडा करे. एकलीच हासे. भगतबी आसंच करस.”

इंदूचे वडील, आबा, हात जोडूनच बसले होते. “बाई, मन्ही पोर शायनी शे. बठ्ठं सोनगीर सांगी. पन आते यास्ले कसं समजाडू?” साखरपुडा मोडला असता तर ‘वेडी म्हणून मोडला’ हेच कायमचं झालं असतं. पुढे दुसरं स्थळ सोडाच, आबांनी तिला कॉलेजातही ठेवलं नसतं. ते सगळं त्या माणसाच्या जोडलेल्या हातांत दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं.

मी “आले,” म्हणून उठले आणि तडक प्राचार्यांकडे गेले.

“द्या हो लिहून,” ते म्हणाले. “तुमचं काय जातंय?”

“सर, मी क्लिनिकल नाही. मला तो अधिकार नाही. डोळ्याचा डॉक्टर दात काढतो का?”

“मग सिव्हिलला पाठवा.”

“सिव्हिलला पाठवलं तर मुलीला वेडाच्या डॉक्टरकडे नेलं असं होईल. आणि मी लिहून दिलं तर संशय होता म्हणून लिहावं लागलं, असं होईल. शहाण्या माणसाकडे शहाणपणाचा दाखला असतो का? तुमच्याकडे आहे?”

प्राचार्यांनी विचार केला. “म्हणजे लिहिलं तरी वेडी, नाही लिहिलं तरी वेडी?”

“हो सर.”

“अवघड विषय आहे हो तुमचा,” ते म्हणाले आणि टेबलावरची फाईल उघडून वाचायला लागले.

मी परत आले. डोक्यात काहीही नव्हतं, हे खरं सांगते. समोर कपाट होतं. कपाट उघडून मी आरशाचं साधन काढलं आणि नानांपुढे ठेवलं. निदान तेवढा वेळ तरी कोणी लिहून मागणार नाही, इतकाच हिशोब.

“नाना, तुमच्या घरी भांड्यावर नावं कोण घालतं?”

“मीच,” नाना म्हणाले. लग्नाच्या आहेराच्या भांड्यावर टिंबाटिंबाने नाव घालतात, त्यातले ते नावाजलेले. “पन्नास पातेली एका बैठकीत घालतो. एक टिंब इकडचं तिकडे होत नाही.”

“मग ही चांदणी गिरवा बघू. फक्त बघायचं आरशात.”

नानांनी बाह्या मागे सारल्या, मी स्टॉपवॉच चालू केलं. पेन्सिल पहिल्याच कोपऱ्यात अडकली. नाना जोर लावत होते आणि पेन्सिल मागे मागे येत होती. कपाळावर घाम आला. ज्या हाताने जन्मभर टिंबं पाडली तो हात आपलं ऐकत नाही, हे त्यांना पटेचना. त्यांनी दोनदा पडद्यामागे वाकून स्वतःचा हात बघितला.

“आरसा वाकडा शे,” मामा म्हणाले. “सरका, मी करस.”

मामांचं तर विचारूच नका. चांदणी राहिली बाजूला, पेन्सिल कागद सोडून फळीवर गेली. मान तिरकी, जीभ बाहेर, आणि तोंडाने ओरडताहेत, “हाऊ हात मन्हा नही! हाऊ हात मन्हा नही!” त्यांची बहीण, म्हणजे मुलाची आई, अक्का, इतका वेळ पदर सावरून बसली होती. ती एकदम म्हणाली, “भाऊ, तुन्हं डोकं फिरनं का?” आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की आबासुद्धा हसले.

“म्हणजे बाई, आम्ही सगळेच वेडे?” नानांनी विचारलं.

“सगळेच शहाणे. शहाण्या माणसाचं असंच होतं. डोळा सांगतो एक, आणि हाताला सवय दुसरीच. नवीन सवय लागायला किती वेळ लागतो ते यात मोजतात. यात वेडाचं काही नाही आणि भगताच्या अंगात येतं तसलंही काही नाही.”

“आणि या मुलीला किती वेळ लागला?”

“तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी.”

मला वाटलं, सुटले. तर मामा नानांच्या कानाशी लागले, आणि ते कानाशी लागणं अख्ख्या खोलीला ऐकू आलं. “दाजी, मंग ती भलती हुशार शे. घरमा झेपाई का?”

मी डोक्याला हात लावला. आधी वेडी म्हणून अडलं होतं, आता जास्त शहाणी म्हणून अडतंय की काय? पण नानांनी हात वर करून मेव्हण्याला गप्प केलं. “झालं गेलं सोडा. तारीख तीच. काय आबा?” आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तेवढ्यात दाराजवळचं स्टूल सरकलं.

“मॅडम,” इंदू उभी राहून म्हणाली, “मलाबी एक लिहून पाहिजे.”

“तुला? काय?”

“यांचं.” तिने नवऱ्या मुलाकडे बोट केलं. सुधाकर त्याचं नाव. आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. “हे स्वतःच्या डोक्यानं चालतात असं लिहून द्या. दुकानाच्या कामाला हे धुळ्याला येतात. मावशीचं घर यांना माहीत आहे. मामा म्हणाले पोरगी वेडी, यांनी मान हलवली. मला येऊन एक शब्द विचारला नाही.”

“इंदू, चूप बठ!” आबा ओरडले.

ती बसली. अशा वेळी समुपदेशकाने काय करायचं ते पुस्तकात दिलेलं आहे, पण मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. हातातलं स्टॉपवॉच अजून चालूच होतं, ते मी बंद केलं.

नाना उठले. “निघतो आम्ही,” एवढंच म्हणाले. चहा आणला होता, तो तसाच राहिला. हो नाही, ना नाही. आबा सगळ्यांत शेवटी निघाले आणि दारात थांबून म्हणाले, “बाई, दोन वळी लिखी देत्यात ते तुम्हनं काय जातं?”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नियमाने मी बरोबर होते आणि मुलीचं लग्न मोडत होतं. मुलगी बोलली तेही बरोबर होतं, आणि तिचंच नुकसान होत होतं. सगळेच बरोबर असताना इतकं बिघडतं कसं, हे मला काही केल्या उमगेना.

काही दिवस गेले. एका दुपारी खोलीच्या दारात सुधाकर उभा. एकटाच.

“घरी सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “नानांना नाही, मामांना तर नाहीच. बाई, ते आरशाचं जरा काढता का?”

मी काढलं. तो बसला. त्याचाही हात भलतीकडे गेला, पण त्याने जोर लावला नाही की आरशाला नावं ठेवली नाहीत. चुकला, थांबला, पुन्हा सुरू केलं. मग मान वर न करता म्हणाला, “इंदूला विचारायचं होतं. इथे विचारलं तर चालेल का?”

मी शिपायाला पाठवून इंदूला बोलावून घेतलं, दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. जिमखान्यातली पोरं मल्लखांब सोडून खिडकीकडे बघत होती, त्यांना हाकललं. आत ती दोघं काय बोलली ते मला आजही माहीत नाही. इतकंच दिसलं, की इंदू त्याला हात कसा न्यायचा ते दाखवत होती आणि तो हसत होता. तो मघापेक्षा बरं गिरवत होता, हेही दिसलं.

लग्न झालं, पण त्या उन्हाळ्यात नाही. बी.ए.नंतर झालं. तसं सुधाकरने घरी सांगितलं, आणि ऐकलं की मामा दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हते. इंदूने माझाच विषय घेतला. पुढे शिकली आणि जळगावच्या एका कारखान्यात कामगार निवडीच्या चाचण्या घ्यायला लागली. भडगावात सांगतात, सून कारखान्यात डॉक्टर आहे.

मी पाटी बदलून घेतली : ‘व्यवसाय मार्गदर्शन.’ मग लोक दुकान कुठे टाकू ते विचारायला येऊ लागले. पुढे नोकरीभर एक मात्र पाळलं. घोळका आला की आधी विचारायचं, प्रश्न नक्की कोणाचा आहे? बोलणाऱ्याचा क्वचितच असतो. मग ज्याचा असेल त्याला पुढच्या खुर्चीवर बसवायचं आणि बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवायचं.

लग्नात नानांनी मला पितळेचं पातेलं दिलं, स्वतः ठोकलेलं आणि स्वतः नाव घातलेलं. मी क्लिनिकल नाही, हे मी त्यांना मांडवातसुद्धा समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. पातेलं घरी आणून उलटं केलं. टिंबन् टिंब सरळ होतं : ‘डॉक्टरीणबाईंस, वेड बरे केल्याबद्दल.’

कोणाचं, ते मात्र घातलेलं नाही.