दारातलं जाळं

माशांच्या बीज केंद्रात मला काम मिळालं तेव्हा आईनं मोहल्लाभर सांगितलं, "पोरगी आता मच्छी जन्माले घालते." कसली घालते! पहिले कित्येक महिने मी सिमेंटच्या टाक्यांचं शेवाळ खरडत होते. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातले. पण त्या केंद्रात कामाला लागलेली बाई मी पहिलीच, आणि ते रोज कुणी ना कुणी ऐकवायचंच.

मुकादम आमच्याच जातीतला म्हातारा. हात सोन्याचा, तोंड मात्र गटार. रोहूला इंजेक्शन दिलं की ती अंडी टाकते, अंडी गोल कुंडात येतात आणि कुंडातलं पाणी सारखं फिरतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं की अंडी तळाशी बसतात, गुदमरून पांढरी पडतात. बस, एवढंच. पण मुकादम अंडी कुंडात असेपर्यंत शेडच्या दारात नारळ फोडून एक जुनं जाळं आडवं अंथरायचा. बाईनं जाळं ओलांडायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगतात. म्हणजे मी बाहेरच.

मालक शिकलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुराने लोग हैं, चलने दो," आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

त्या पावसाळ्यात आमच्या गावच्या बोडीचं, म्हणजे तळ्याचं, बीजही तिथूनच यायचं होतं. आदल्या साली बाहेरून आणलेलं सगळं मेलं आणि बोडी वर्षभर रिकामी पडली. बाबा रोज विचारायचे, "यंदा तरी भरंल नं आपली बोडी?"

अंडी कुंडात आली त्याच दुपारी मुकादम आणि गडी गावात तेरवीच्या जेवणाला गेले. मागे विजेची लाईन गेली. वरच्या टाकीतलं पाणी संपलं तसा कुंडातला आवाज बंद झाला. मी बाहेर टाकी घासत होते, लगेच कळलं. फोन लावला.

"आमी जेवून राहिलो," मुकादम म्हणाला. "तू कायले हात नको लावजो. येतोच."

वाट पाहिली. कुणी येईना. दारातून अंडी तळाशी बसताना दिसत होती. मरो ते जाळं, म्हटलं, आणि गेले आत. जनरेटर धड सुरू होईना. मग काठाकाठानं फिरत हातानंच पाणी ढवळत राहिले, मधूनच जनरेटरला दोरी मारत राहिले. तो एकदाचा धडधडला तेव्हा माझे खांदे भरून आले होते.

निम्मी अंडी पांढरी पडली. निम्मी वाचली.

मुकादम ढेकर देत आला. जाळ्यावरचे ओले ठसे पाहून ओरडला, "पाय घातलास नं? नासवलंस वं सारं!" त्याच्या तेरवीहून आलेल्या पायांना विटाळ नव्हता, माझ्या होता. मेलेली अंडी माझ्या पायानं मेली आणि वाचलेली त्याच्या नारळानं वाचली, असं संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. मी लाईनचं सांगितलं, फोनचं सांगितलं. मालक म्हणाला, "कल से शेड की तरफ आना ही मत. बाहर का काम देखो." बाहेरचंच तर बघत होते, मेल्या!

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. तू नसतीस तं यंदाही बोडी कोरडीच होती." त्या रात्री मी पोटभर जेवले.

काही दिवसांनी त्याच वाचलेल्या अंड्यांचं बीज, जिऱ्याएवढं, प्लास्टिकच्या पिशव्यांतून आमच्या बोडीवर आलं. सगळा मोहल्ला पाळीवर, तळ्याच्या बांधावर, जमला होता. मुकादमही आला होता, मानाचा म्हणून. काठावर जाळं ठेवून पूजा मांडली होती. मी पिशवी उघडायला पुढे झाले.

बाबा आडवे आले. "तू पाळीवरच थांब, बाई. लोकं पाहून राहिले."

मी थांबले. मुकादमानं पिशवी उघडली, बीज पाण्यात पांगलं. नारळ फुटला. बाबांनीच खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला, माझ्याकडे न बघता.

मुकादमावरचा माझा राग केव्हाच गेला. बाबांचा अजून येतो.