बारीक अक्षरांचा भाव

माझा धाकटा भाऊ जयराम याला पैसे मागता येत नाहीत. एवढं एक वाक्य सांगून मला थांबता आलं असतं, पण त्यापायी माझ्या डोक्याला इतका ताप झाला आहे की सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत तो कॉम्प्युटरवर कामाला होता. कायमची नोकरी, कंपनीची बस, दिवाळीला बोनस. आमच्या कॉलनीत बहुतेक घरांत कोणी ना कोणी कारकून नाहीतर शिक्षक. मीही महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. कॉम्प्युटरवाला मात्र अख्ख्या कॉलनीत एकटा जयराम. आणि सत्त्याऐंशी साली या गृहस्थाने ती नोकरी सोडली. म्हणाला, "अक्का, मी स्वतःचे प्रोग्रॅम लिहिणार." लहान कारखान्यांचे पगार काढणारा प्रोग्रॅम. हजेरी, ओव्हरटाइम, फंड, सगळं मशीन करील म्हणे. एका क्लासवाल्याच्या कॉम्प्युटरवर, मुलं घरी गेली की हा बसायचा, आणि फ्लॉपी जेवणाच्या पिशवीत टाकून सायकलवर सातपूर गाठायचा. एकदा तिच्यावर लोणच्याचं तेल सांडलं. लोणचं मी घातलेलं, म्हणून बोलणीही मीच खाल्ली.

प्रोग्रॅम चांगला होता, असं सगळे सांगत. पण किंमत विचारली की हा जमिनीकडे बघणार आणि म्हणणार, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." असं म्हटल्यावर गिऱ्हाइकाला काय योग्य वाटतं ते मी सांगायला नको. शेवटी भाव ठरवायला मीच बरोबर जाऊ लागले. शनिवारी शाळा सकाळची, दुपारी मी पर्स काखेत मारून त्याच्या मागे. वर्गातली पोरं मला जेवढी भीत तेवढे कारखानदार भीत नसत, पण थोडे भीत.

असेच एक खंडेराव. नट-बोल्टचा छोटा कारखाना होता त्यांचा. घरची विंचूरकडची कांद्याची शेती भावांवर सोपवून सातपूरला आलेले. माणूस वाईट नव्हता, पण वाढला कांद्याच्या बाजारात. घासाघीस केल्याशिवाय कुठली वस्तू आपली झाली असं त्यांना वाटतच नसे. कारखान्यासाठी त्यांनी महागाचा कॉम्प्युटर नुकताच घेतला होता. पगाराचं काम सहादूकाका बघत. कारखान्यावर पत्रे चढले तेव्हापासूनचे कारकून. जयराम त्यांना कॉम्प्युटर शिकवायला जाऊ लागला आणि दोन-तीन दिवसांतच तोंड पाडून घरी आला.

"अक्का, सहादूकाकांना दिसत नाही."

"मग चष्मा करायला सांग."

"चष्म्याने भागत नाही. डॉक्टरांनी हात वर केलेत."

वह्यांवर इतकी वर्षं निभावलं होतं. काका बोरूने लिहिल्यासारखं जाड, ठळक लिहायचे, आणि अर्ध्या कामगारांची हजेरी त्यांना तोंडपाठ असायची. पण कॉम्प्युटरच्या काचेवरची हिरवी बारीक अक्षरं त्यांना धुक्यासारखी दिसत. चहाच्या टपरीमागे नेऊन त्यांनी जयरामचा हात धरला होता. "भाऊ, मालकाला कळू देऊ नका. धाकटीचं लगीन ठरत आलंय. माझी नोकरी गेली असं कानावर गेलं तर पावणे मागं फिरतील."

जयरामने शब्द दिला, आणि मग महिनाभर तो कोणाचाच राहिला नाही. मशीनमध्ये मोठी अक्षरं नसतातच म्हणे. माझ्या शाळेचे आलेखाचे कागद पसरून त्याने एकेक इंग्रजी अक्षर, एकेक आकडा चौकटी भरून काढला आणि मग क्लासमध्ये बसून मशीनला शिकवला. पडद्यावर पाच-सहा ओळीच मावत, पण अक्षर हे ढबू पैशाएवढं. मला दाखवायला नेलं तेव्हा मी खोलीच्या दारातून वाचून दाखवलं. मला कौतुक वाटलं, आणि लगेच पुढचाही विचार आला.

"याचे वेगळे पैसे लाव," मी म्हणाले. "महिना घातलास."

"याचे पैसे घ्यायचे नसतात, अक्का. ज्याला दिसतं त्याला प्रोग्रॅम वापरता येतो. ज्याला दिसत नाही त्याने तेवढ्यासाठी जास्त का द्यायचे? घर बांधणारा दाराचे वेगळे पैसे घेतो का?"

"घेतो. आपल्या घराच्या वेळी घेतले होते."

तरी ऐकलं नाही त्याने.

शनिवारी आम्ही खंडेरावांपुढे बसलो. मी तासभर घसा कोरडा करून प्रोग्रॅमचा भाव ठरवला. आता उठायचं, तर जयराम अंगात आल्यासारखा म्हणाला, "आणि साहेब, यात मोठ्या अक्षरांची सोय आहे. ती फुकट."

खंडेराव सावध झाले. "फुकट कोण देतं? म्हंजे तिची किंमत आतच धरलीय तुम्ही."

"नाही साहेब, खरंच फुकट."

"मग ती काढा आन तेवढे कमी करा. आपल्याकडं कोण आंधळं हाय?"

"फुकट गोष्टीचे किती कमी करायचे?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगा, बाई. मास्तरीण तुम्ही."

शेजारच्या टेबलाशी सहादूकाका मान खाली घालून टाचण्या डबीत भरत होते. कुणासाठी ही सोय, ते आम्हाला बोलायची सोय नव्हती. शेवटी मी थोडे कमी केले. ज्याला किंमतच नाही त्याची किंमत वजा करून घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

घरी येऊन मी भाकऱ्या थापायला घेतल्या आणि तोंडाचा पट्टा सोडला. "पैसे मागितले असतेस तर त्यांनी नको म्हटलं असतं. फुकट दिलंस, तरी नको म्हणाले. या लोकांना जे हातात आयतं पडतं ते कधीच नको असतं. जा, सगळ्यांना मोठीच अक्षरं दे, आणि बारीक पाहिजे असतील त्यांच्याकडून जादा पैसे घे. मग बघ कशी गप घेतात."

मी रागाने बोलत होते. जयराम भाकरी तशीच ताटात टाकून क्लासकडे निघून गेला, तेव्हा कळलं की हा बावळट ते खरं करणार.

प्रोग्रॅम बसवायच्या दिवशी मीही गेले. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर ती ढब्बू अक्षरं उमटली. खंडेराव बघतच राहिले. "ही काय बालवाडी हाय का?"

"असाच आहे आता, साहेब," जयराम म्हणाला. "सगळ्या गिऱ्हाइकांना हाच. बारीक अक्षरं हवी असतील तर ती जादा."

खंडेरावांनी डोकं खाजवलं. जादा म्हटल्यावर त्यांचा हात खिशापासून लांब गेला, ते मी पाहिलं. काम फत्ते झालं होतं. सहादूकाका खुर्चीत ताठ बसून पडद्यावरचं एकेक नाव मनातल्या मनात वाचत होते, त्यांचे ओठ हलत होते. आता आपण चहा प्यावा आणि निघावं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात खंडेरावांनी विचारलं, "सहादू, तुम्हाला चालंल ना असं?"

आणि भ्यालेला माणूस काय करेल याचा नेम नाही. काका घाईघाईने म्हणाले, "मला कशाला साहेब एवढी मोठी? माझी नजर चांगली हाय. मी आपला बारीकवरच बरा."

मला वाटलं, पर्स उचलून या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावी. महिनाभर माझ्या भावाने डोळे फोडले ते याच्यासाठी. आणि कहर म्हणजे खंडेरावांना त्याच दिवशी दयेचा पाझर फुटला. "आवो, सहादू आपला जुना माणूस. त्याला पाहिजे तर घेऊ की. बोला, काय घ्याल बारीक अक्षरांचं?"

काकांचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा उमगलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण भाव मी सांगायचे. आणि मी काय सांगणार होते? सवयीने एक वाजवी आकडा माझ्या जिभेवर आलाही होता. वाजवी म्हणजे खंडेरावांनी थोडी घासाघीस करून दिला असता असा.

"ह्या मशीनचे जेवढे पडले तेवढे," जयराम म्हणाला.

त्याने जमिनीकडे पाहिलं नाही. सरळ खंडेरावांच्या तोंडाकडे बघत होता, आणि आवाज जरासुद्धा कापला नाही.

"डोकं फिरलंय का? नुसत्या अक्षरांचे?"

"तेवढेच होतात. एक पैसा कमी नाही."

खंडेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला आठ्या घालून जमेल तेवढी कडक बसले. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या मग. सहादू, मोठ्यावरच भागवा."

"भागवीन साहेब," काका म्हणाले. त्यांनी कळफलक जवळ ओढून घेतला.

बाहेर आल्यावर जयराम सायकलला टेकून उभा राहिला. "अक्का, हो म्हणाले असते तर?"

मी म्हणाले, तू वेडा आहेस, चल. त्यानंतरही त्याने एकाही गिऱ्हाइकाकडून मोठ्या अक्षरांचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यावरून आमची भांडणं अजून होतात.

दिवाळीनंतर काकांच्या धाकटीचं लग्न लागलं. मी मांडवाच्या दाराशी पोचले तेव्हा काका खंडेरावांसोबत उभे होते. मी अगदी समोर जाऊन हात जोडले. काकांनी हसून मला नमस्कार केला आणि विचारलं, "या, या. पोरीकडच्या का पोराकडच्या?"

खंडेराव खो खो हसले. "अवो, ह्या जयरामच्या अक्का. लगीनघाईत माणसाला काय सुधरत नाय, बघा."

काकांचं हसू तिथल्या तिथे गोठलं. त्यांची नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती.

"पोरीकडची," मी म्हणाले, आणि आत जाऊन बसले.